मांडवामागच्या जीपमधलं गाणं

सुधाकरला मी फसवलं. सुधाकरनं मला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात सगळे उलटं सांगतात, आणि तसं सांगायला त्यांना मीच शिकवलंय. खरं काय झालं ते मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला लिहून का सांगतोय? माहीत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी राहुरीला जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गंज खरवडत सुरुवात केली, आज माझं स्वतःचं आवार आहे. कुणी दिलेलं नाही, मी मिळवलेलं आहे. भाव पाडण्यात माझा हात धरणारा माणूस मी अजून पाहिला नाही. डोकं तापट आहे, तेही धंद्यात कामाला येतं. समोरचा घाबरतो.

आमच्याकडे ऊस वाहणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील—मडगार्डवर कर्णे, टपाला झालरी, आणि लांबूनच ऐकू येणारी ती गाणी. मेहुणी दाजीला चिडवते, कुणीतरी कुणासाठी गजरा आणतो, मागं मशीनची ढोलकी. असला ट्रॅक्टर विकायला आला की मी म्हणायचो, "आधी ती घाण उतरव, मग भावाचं बोलू." हा माझा नियमच होता. लग्नातला डीजे बंद करा म्हणून ग्रामसभेत सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो. आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाचा अध्यक्ष मी—माझ्या तोंडी दुसरं काय शोभणार?

आणि त्या उतरवलेल्या कर्ण्यांबरोबर जे पेनड्राइव्ह राहून जायचे—

हो. ते मी ठेवून घ्यायचो. त्यातली गाणी मोबाईलमध्ये भरून घेतली होती. कुणी नसलं की आवारात एखाद्या ट्रॅक्टरवर बसून ऐकायचो. मला ती आवडायची. आजही आवडतात. त्यात मोठं काही नसतं, मला ठाऊक आहे. पण दिवसभर खोटं बोलून, ओरडून डोकं भणभणलं की अभंगानं माझं डोकं शांत होत नाही, त्या मेहुणीनं होतं. हे कबूल करायलाही मला लाज वाटते, मग पुढचं कसं सांगू?

सुधाकर आमच्याच गावचा. रस्त्यापलीकडं चर्चजवळ राहतो, नाताळात तिथं पेटी वाजवतो आणि बाकी वर्षभर साउंड सर्व्हिस चालवायचा. सप्ताहाचा माईक त्याच्याकडे द्यायचा आग्रह माझाच होता. काम चोख करायचा आणि घासाघीस करायचा नाही. त्या वर्षी पहिल्या दिवशी त्याचा मोबाईल बिघडला, तर मला म्हणाला, "शेठ, हरिपाठाचं रेकॉर्डिंग तुमच्या मोबाईलवरून लावू का? ब्लूटूथनं जोडतो. तुमाला काय करावं लागनार न्हाई." मी मोबाईल दिला, त्यानं तो मशीनला जोडला. त्याचा मोबाईल दुरुस्त होऊन आला, पण माझा तसाच राहिला, मांडवाजवळ आलो की आपोआप मशीनला जोडला जायचा. तो विसरला. मीही विसरलो. चूक म्हणाल तर एवढीच. इथपर्यंत ती दोघांची होती.

सप्ताहाच्या मधल्या एका दिवशी सकाळी माझा एक व्यवहार मोडला होता. मी चिडलेला होतो, आणि सप्ताहाच्या मांडवात चिडता येत नाही. सायंकाळच्या हरिपाठाला बायका जमत होत्या, विणेकरी उभा होता. सप्ताहात वीणा जमिनीवर टेकू द्यायची नसते, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. मी मांडवाच्या कनातीमागं लावलेल्या माझ्या जुन्या जीपमध्ये जाऊन बसलो. काचा वर केल्या. म्हटलं, एकच गाणं.

गाणं लावलं तर आवाज येईना. मी आवाज वाढवला. येईना. आणखी वाढवला. बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी उसाचा ट्रॅक्टर चालला होता, कर्णे लावून—निदान मला तसं वाटलं. मी मनात शिवी दिली. हरिपाठाच्या वेळेला? मग लक्षात आलं की ट्रॅक्टर पुढं जात नाहीये. आणि ते गाणं माझंच आहे.

मोबाईल बंद करायला मला किती वेळ लागला असेल? घाईत चुकीच्याच जागी बोट दाबत होतो. कनातीच्या फटीतून मला मांडव दिसत होता, आणि हे मी आजवर पोटात ठेवलंय—मांडव लगेच उठला नव्हता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आप्पांची, गावातल्या सगळ्यांत जुन्या वारकऱ्याची, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. खुद्द विणेकऱ्याची टाच हलत होती. ह्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. सगळ्यांना ते गाणं पाठ होतं! गाणं थांबलं तेव्हा सगळ्यांना सप्ताह आठवला.

मी मांडवात शिरलो तेव्हा सगळे सुधाकरभोवती जमले होते. जाब विचारत होते. आप्पाच सर्वांत पुढं. "आरं, वीणा हुभी हाय हितं, लाज वाटती का तुला?" सुधाकर गोंधळला होता. म्हणाला, "आप्पा, आईशप्पत, माझा मोबाईल तर चार्जिंगला हाय, तिकडं." आणि मग तो थांबला. त्याला आठवलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडं.

मला त्या क्षणी भीती वाटली. एवढंच म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी घाबरलो की माझं डोकं जास्त चालतं. तो तोंड उघडणार एवढ्यात मी त्याच्या कानाखाली वाजवली.

थप्पड सांगून मी इथं थांबू शकतो. तुम्हीही म्हणाल, तापट माणूस, हात उठला. पण थपडेनं भागलं नसतं. तो पुन्हा बोलला असता, आणि लोकांनी कदाचित ऐकलंही असतं. म्हणून मी एक वाक्य बोललो. रागात नाही—विचार करून, भाव पाडताना बोलतो तसं, कुठं मारलं की समोरचा गप्प बसेल ते बघून. मी म्हणालो, "ह्याला आपल्या वीणेचं काय सोयरसुतक? ह्याचा देव निराळा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय शेठचं." सुधाकरच्या आजोबांनी ह्याच गावच्या विहिरी खणल्या. सुधाकर लहानपणी माझ्याबरोबर ह्याच सप्ताहाच्या पंगतीत बसायचा. त्यानं वायरी गुंडाळल्या, पेट्या टेम्पोत चढवल्या. मदतीला कुणी गेलं नाही. त्या सायंकाळी हरिपाठ माईकशिवाय झाला आणि सर्वांत मोठ्यानं मी म्हटला.

त्यानंतर आजूबाजूच्या एकाही गावानं त्याला सप्ताहाला बोलावलं नाही. लग्नांच्या ऑर्डरीही तुटत गेल्या. साउंड विकून तो आता श्रीरामपूरला दुसऱ्याच्या दुकानात स्पीकर दुरुस्त करतो, एसटीनं जातो-येतो. आणि मी? मी लोकांना सांगत राहिलो की सुधाकरनं आमच्या विश्वासाचा घात केला.

एकदा मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो असं स्वतःशी म्हणायची सवय लावून घेतली होती, पण खरं तर सौदा करायला गेलो. म्हटलं, पुढच्या सप्ताहाचं काम तुला देतो, कमिटीचं मी बघतो. त्यानं नकाराची मान हलवली. म्हटलं, तुझ्या बायकोसमोर इथं हात जोडतो. त्यानं पुन्हा मान हलवली. चिडून विचारलं, "मग तुझं म्हणणं तरी काय?"

"मांडवात मारलं शेठ," तो म्हणाला, "मांडवातच सांगा."

"दुसरं काहीतरी बोल."

"दुसरं न्हाई."

त्याच्या बायकोनं चहा ठेवला होता. तो न घेताच मी उठलो. घरी येईपर्यंत त्याला शिव्या घालत होतो. दारात चालून गेलो तरी ह्याचा माज बघा! आयुष्यात मला ज्याचा भाव कमी करता आला नाही असा तो एकटाच, आणि त्याच्यावरचा राग मी बरेच दिवस जपला. त्या रागाच्या आड राहणं सोपं होतं.

त्यानंतरही सप्ताह झाले. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन संपलं की आभार मानायला माईक अध्यक्षाच्या हातात येतो. दर वर्षी माझ्या हातात आला. मी अन्नदात्यांचे आभार मानले, विणेकऱ्यांचे मानले, मांडववाल्याचे मानले, आणि खाली बसलो.

हे छापून आलं की गावात वाचलं जाईल. सुधाकरनं सांगितलेली जागा ही नव्हे, हे मला कळतं. कागदावर लिहून मी अजूनही घासाघीसच करतोय. तेव्हा गावाला एवढंच सांगतो. त्या दिवशी निर्दोष माणसाला जाब विचारायला अख्खा मांडव उठला होता. ह्या वर्षी पुन्हा उठा, पण मला जाब विचारायला. आप्पा, तुम्ही पुढं व्हा. मी पहिल्याच रांगेत बसलेला असेन.