बोला, मोकळाच हाय

भाचीच्या साखरपुड्यात, नव्या व्याह्यांसमोर, मी आमच्या दाजींना सल्ला दिला, "एकदा बंद करून परत चालू करा की!" घरचा वायफाय मी असाच दुरुस्त करतो. दाजी म्हणजे ताईचे यजमान, नवरीचे वडील. पण मुलगी पाटावर बसलेली असताना ते फोनवर होते. हैदराबादला त्यांच्या बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर, एक सिस्टीम अडकली होती.

फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "मेव्हणे, एकाच मशीनवर धा-बारा सिस्टीम चालून राहिल्यात. एकीला ठेच लागली म्हणून सगळ्यांना झोपवू व्हय?"

व्याही हसले. मीही हसलो. कळलं काहीच नव्हतं.

जेवताना त्यांनी पुन्हा समजावलं. मशीन एकच, पण प्रत्येक सिस्टीमला वाटतं, अख्खं मशीन माझंच. शेजारी दुसरी कोणी आहे, याचा तिला पत्ताच नसतो.

"मग तिला सांगतं कोण?"

"कोणीच न्हाई. खाली एक प्रोग्राम असतो. तो सगळ्यांना मशीन वाटून देतो अन् गप ऱ्हातो."

लातूरच्या शाळेत माझे विद्यार्थी जशी मान डोलावतात, तशी मी डोलावली. दाजींनी ओळखलं आणि माझ्या ताटात आणखी एक जिलबी टाकली.

दाजींना फोन कधीही लावा, पलीकडून एकच वाक्य यायचं, "बोला, मोकळाच हाय." मुलाची अ‍ॅडमिशन, गळका स्लॅब, बायकोशी झालेलं भांडण, सगळं मी त्यांच्या कानावर घालायचो. एवढ्या मोठ्या बँकेतला माणूस इतका मोकळा कसा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मोकळे असणार ते माझ्यासाठी! अख्ख्या गोतावळ्यात दाजी सगळ्यांत जास्त माझे, अशी माझी ठाम समजूत होती.

मागच्या वर्षी दाजी गेले. त्यांच्या गावी, हदगावला, तेराव्याच्या पंगतीत त्यांचा धाकटा भाऊ डोळे पुसत म्हणाला, "कवाबी फोन लावा, मोकळाच हाय म्हणायचा. माझ्यावर लई जीव त्याचा."

"तुझ्यावर?" दाजींच्या देवणीच्या मावसभावाचा घास हातातच राहिला. "मला तर रोज म्हणायचा!"

मी वरणाकडे बघत बसलो. वाढता वाढता ताई थांबली आणि म्हणाली, "त्यांचं ताट मी दोन-दोनदा गरम करायची."

परतीच्या एसटीत मला काही सुधरेना. लातूर जवळ आलं तेव्हा न राहवून बायकोला विचारलं, "अगं, मग दाजी नेमके होते तरी कोणाचे?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला कधी कमी पडले का?"