आतून लावायची कडी

केंद्रात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती. तेवीस वर्षं तिच्या पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात स्टीलची एक पातळ, बिजागरीची पट्टी असायची. सांधा किती अंशांत वाकतो ते मोजायची. मुलांचे गुडघे, घोटे, कोपरं, मनगटं यांचे आकडे तिने एकवीस वह्यांत तारीखवार उतरवले होते. पट्टीखालोखाल तिचा भरवसा होता आपल्या दोन हातांवर. ताठर पाय मोजपट्टीच्या हातात पडला की लोण्यासारखा सैल होतो, असं मुलांच्या आया एकमेकींना कौतुकाने सांगत. घरी पोचेपर्यंत तो परत ताठरतो, हेही सांगत, पण जरा आवाज उतरवून.

केंद्र अपंग मुलांच्या उपचारांचं होतं. पाटीवरचा 'अपंग' हा शब्द आतापर्यंत दोनदा बदलून झाला होता. पाटीखालचा उतार मात्र तोच होता, वॉकर घेऊन चढता येणार नाही इतका उभा. एके वर्षी संचालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांनी पाटीवर आणखी एक ओळ रंगवून घेतली: 'येथे अद्ययावत संशोधनावर आधारित उपचार केले जातात.' रंग वाळल्यावर मग ते संशोधन वाचणार कोण, याची चौकशी सुरू झाली. सगळ्यांत जुनी म्हणून ते काम मोजपट्टीच्या गळ्यात पडलं.

तेव्हापासून दर बुधवारी अडीच वाजता वाचनसभा भरू लागली. एकाने लेख वाचायचा, साध्या भाषेत सांगायचा, इतरांनी माना डोलवायच्या, इतिवृत्तावर सह्या करायच्या आणि एक फोटो. तीन वाजता सभा संपली की जो तो आपापल्या गादीवर जाऊन मंगळवारी जे करत होता तेच करू लागे. असे साठ बुधवार झाले. साठ लेखांपैकी निदान वीस लेख एकच गोष्ट सांगत होते: मुलाचे हातपाय दुसऱ्याने हलवून फारसं काही साधत नाही, मुलाला जे काम स्वतःला करावंसं वाटतं, ते त्याच्या रोजच्या जागी, त्याच्याच हाताने, पुन्हा पुन्हा करू द्यावं. मोजपट्टी हे वळणदार अक्षरात इतिवृत्तात उतरवायची, खाली दोन रेघा मारायची आणि तीनच्या ठोक्याला पुढच्या मुलाचा पाय हातात घ्यायची.

एकसष्टाव्या बुधवारी सभेच्या खोलीला रंग देणं चाललं होतं, म्हणून सभा व्यायामाच्या हॉलमध्येच भरली. कोपऱ्यातल्या गादीवर तीन वाजताची मुलगी लवकर येऊन बसली होती. नऊ वर्षांची. दोन्ही पाय ताठर, उजव्या हाताची मूठ सहसा न उघडणारी, बोलणं सावकाश पण कान तिखट. शेजारी खुर्चीत तिची आत्या पर्स मांडीवर घेऊन बसली होती. सहा वर्षं ही आत्याच तिला आणत होती आणि सहा वर्षं मोजपट्टी तिचे पाय ओढत होती.

लेख वाचून झाला, माना डोलल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"बाई, मुलाला जे करावंसं वाटतं ते, असं म्हणालात ना? कुठल्या मुलाला विचारलं?"

"अगं, ते लेखातलं आहे," मोजपट्टी म्हणाली.

"मग मला विचारा की."

संचालकांना हे फारच आवडलं. त्यांनी फोटोवाल्याला खूण केली आणि स्वतः गादीपाशी उकिडवे बसले. "सांग बाळ, काय करायचंय तुला? पळायचंय? नाचायचंय?"

"बाथरूमची कडी आतून लावायचीय."

फोटो निघाला नाही. आत्या पर्सची चेन उघडू-मिटू लागली.

"मी आत बसलेली असते," मुलगी सांगू लागली, "आणि ही दार अर्धं उघडं ठेवून दारात उभी राहते. मग शेजारच्या काकू येतात. दोघी तिथेच बोलत राहतात. काकू आत डोकावून मला विचारतात, जेवलीस का म्हणून."

"मी पाठ करून उभी असते गं," आत्या म्हणाली.

"काकू नसतात."

संचालक उठले, गुडघे झटकले. "छान, छान. पण हे उद्दिष्ट म्हणून फॉर्ममध्ये बसायचं कुठे? शरीराचा तोल, पकड, चाल... कडी हा रकाना नाही आपल्याकडे."

"'इतर'मध्ये लिहिते," मोजपट्टी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने मुलीच्या नोंदी काढून पाहिल्या. उजव्या गुडघ्याची ब्याण्णव मापं होती. गुडघा सहा वर्षांत अकरा अंश सुधारला होता. त्या अकरा अंशांनी घरातलं कुठलं दार लागलं किंवा उघडलं, याची नोंद कुठेच नव्हती. मोजपट्टीला हे इतकं झोंबलं की तिने ताबडतोब काहीतरी करायचं ठरवलं, आणि ताबडतोब चूक केली.

तिने सुताराकडून एक फळी करून घेतली, तिच्यावर झकास पितळी कडी बसवली आणि फळी हॉलच्या भिंतीला ठोकली. उंची बरोबर मुलीच्या खांद्याएवढी, समोर खुर्ची, शेजारी घड्याळ. मुलगी खुर्चीत बसून कडी लावू लागली. पहिल्या दिवशी चार वेळा, दहाव्या दिवशी चाळीस वेळा. मोजपट्टीने आलेख काढला. आलेख असा चढला की संचालकांनी तो चौकटीत लावून घेतला.

अकराव्या दिवशी मुलगी घरून आली ती फुगूनच.

"लागली का कडी?" मोजपट्टीने विचारलं.

"नाही. आमच्या बाथरूममध्ये खुर्ची नाही. तुमच्या फळीला दारही नाही."

'त्याच्या रोजच्या जागी' हे शब्द मोजपट्टीने वीस वेळा अधोरेखित केले होते. तरी तिने फळी ठोकली, कारण फळीपुढे बसून मोजता येत होतं.

मग ती नोकरीत पहिल्यांदाच एका पेशंटच्या घरी गेली. मोरी अरुंद, फरशी ओली, दार फुगलेलं. वॉकर बाहेर ठेवून, भिंतीला धरून आत जायचं, एका हाताने दार ओढायचं आणि दुसऱ्या, न उघडणाऱ्या मुठीने कडी सरकवायची. कडीही अशी गंजलेली की मोजपट्टीला स्वतःलाच दोन झटके द्यावे लागले.

"आणि आत पडली तर?" आत्या म्हणाली. "मी काय दार तोडत बसू? भावाला विचारलं मी. तो म्हणतो, कडी लावून बघा हवी तर. पण एकदा जरी बाहेरून उघडावी लागली, तरी त्याच दिवशी उपटून टाकीन."

सुतार परत आला. त्याने दार तासलं आणि वरून खाली पाडायची एक हलकी आकडी बसवली, मुठीच्या पाठीनेही पडेल अशी. दाराच्या फटीतून पातळ पट्टी घातली की ती बाहेरून उचलता येई. आत्याने एक स्टीलची फूटपट्टी दाराशेजारी खिळ्याला टांगली.

"मी हाक मारली तरच," मुलगी म्हणाली.

"तरच," आत्या म्हणाली.

"बाई, तुम्हीपण."

"मीपण," मोजपट्टी म्हणाली.

खरी पंचाईत पुढेच होती. मुलीचा हात थरथरत वर जाऊ लागला की मोजपट्टीचा हात आपोआप तिच्या कोपराखाली जाई. तेवीस वर्षांची सवय, दुसरं काय.

"नुसता आधार देतेय गं."

"हात खिशात घाला, बाई."

मोजपट्टीने हात खिशात घातले. ते तिला इतकं अवघड गेलं की पहिल्या आठवड्यात तिचेच खांदे आखडले. मुलगी दोनदा भिंतीला आपटली, एकदा खाली बसली, स्वतःच उठली, आणि शिव्या कुठून शिकली देव जाणे, त्याही देऊन पाहिल्या. पंचविसाव्या दिवशी आकडी पडली. बाहेर आत्या आणि मोजपट्टी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग आतून गाणं ऐकू आलं.

"आता मी कुठे उभी राहून बोलू?" आत्या म्हणाली, आणि ते ती सगळंच थट्टेत म्हणत नव्हती.

मोजपट्टीने केंद्राच्या बाथरूमलाही तशीच आकडी बसवून घेतली. खर्चाच्या कागदावर तिने 'इतर' असं लिहिलं.

पुढच्या महिन्यात मोठे पाहुणे आले. 'संशोधन आणि प्रत्यक्ष उपचार यांतली दरी' या विषयावर ते दीड तास बोलले. बोलताना त्यांनी एक बाटली पाणी संपवलं, नंतर दोन कप चहा. जेवणानंतर प्रात्यक्षिक होतं. संचालकांनी कार्यक्रम ठरवला होता: फळीचा आलेख पडद्यावर, मुलगी गादीवर, आणि मोजपट्टीने तिचा पाय हातात घेऊन तो लोण्यासारखा सैल करून दाखवायचा.

"ती आता कडी लावते," मोजपट्टीने सांगून पाहिलं.

"लावू दे ना. पण ते पडद्यावर काय दाखवणार?"

प्रात्यक्षिकाला दहा मिनिटं असताना मुलगी म्हणाली, "जाऊन येते." ती वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत गेली, वॉकर बाहेर ठेवला, आत गेली. आकडी पडल्याचा आवाज मोजपट्टीने ऐकला. त्यानंतर दोनच मिनिटांनी पाहुणे त्याच दिशेने निघाले. केंद्रात बाथरूम दोन होती. वरच्यात जुन्या फायली ठेवलेल्या होत्या.

पाहुण्यांनी दार ढकललं, मग संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी टकटक केली.

"बाळ, झालं का?"

"नाही."

पाच मिनिटं झाली. हॉलमधून दोन-चार जण येऊन मागे उभे राहिले. संचालकांनी पुन्हा टकटक केली आणि मोजपट्टीकडे वळले.

"तुमच्या खिशात पट्टी आहे ना? उचला ती आकडी."

मोजपट्टीचे दोन्ही हात खिशांत होते. उजव्या हाताला पट्टी लागत होती, गार. नुसती फटीत घालायची, अर्ध्या इंचाचं काम. आत्या भिंतीला टेकून उभी होती. आकडी बाहेरून उघडलेली तिने पाहिली तर ते भावाच्या कानावर जायला संध्याकाळ लागणार नव्हती, आणि मग घरची आकडीही गेली असती.

"तिने हाक मारलेली नाही," मोजपट्टी म्हणाली.

"अहो बाई, पाहुणे उभे आहेत."

"उभं राहता येतंय की त्यांना," आत्या म्हणाली.

संचालकांचा चेहरा पडला. पाहुणे एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले.

"बाहेर कोण आहे?" आतून आवाज आला.

"मोठे पाहुणे आहेत," मोजपट्टी म्हणाली. "भाषण केलं ते."

मग सावकाश, अगदी शेजारच्या काकूंच्या सुरात, दारामागून प्रश्न आला.

"काका, जेवलात का?"

"हो," पाहुणे म्हणाले. "जेवलो."

"काय काय होतं?"

पाहुण्यांनी मोजपट्टीकडे पाहिलं. तिचे हात खिशांतच होते. मग ते दाराकडे तोंड करून, पाय आवळून धरत, पहिल्या पदार्थापासून सांगू लागले.