पावलांनी मोजलेलं चर्च

नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरमध्ये संपणार होतं. पुढे लायडनला जायचं की पुण्याला परतायचं, ते ठरत नव्हतं. त्या सप्टेंबरात मला न्यूनेन या डच गावातल्या घरात एका जागी बसवत नसे. मुलीला शाळेत सोडलं की उगाच सायकलवर चक्कर मारायची, घरी येऊन आवरलेलंच कपाट पुन्हा आवरायचं, परत बाहेर पडायचं. पुण्यात मी आर्किटेक्ट होते, सात वर्षं साइटवर काढली होती. इथे चार वर्षांत एक रेघसुद्धा मारली नव्हती.

मंगळवार-गुरुवारी तेवढं ठरलेलं काम असायचं. लायब्ररीत डच बोलायचा वर्ग भरायचा. निवृत्त डच मंडळी कॉफी देत आणि आमच्याशी सावकाश बोलत. माझ्या शेजारी एक युक्रेनियन बाई बसायच्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी हैराण. युद्ध सुरू झाल्यावर लेकीबरोबर चेर्निहीव्ह शहरातून इथे आलेल्या. लेक भाज्या पॅक करायच्या गोदामात कामाला होती. मी त्यांना ‘काकू’च म्हणायचे. आम्हा दोघींना समजेल अशी एकच भाषा, मोडकी डच, आणि अडलं की फोनमधलं भाषांतर. ते सगळं इथे मी सरळ मराठीत सांगते आहे. प्रत्यक्षात एकेका वाक्याला आम्हाला पाच-पाच मिनिटं लागत.

एका गुरुवारी ‘माझं गाव’ या विषयावर पाच वाक्यं बोलायची होती. मी म्हटलं, पुण्यात माणसं फार, दुचाक्या फार. काकू उठून उभ्या राहिल्या आणि थांबेचनात. त्यांनी तीस वर्षं चेर्निहीव्हच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये गाइडचं काम केलं होतं. तिथल्या भिंतीत विटांचा एक थर दिसतो आणि पुढचा थर चुन्याच्या आड लपलेला असतो, हे त्यांनी टेबलावर साखरेच्या पुड्या रचून दाखवलं. मग बाजाराजवळचं, ‘शुक्रवारचं’ म्हणतात ते चर्च. ते मागच्या मोठ्या युद्धात अर्ध्याहून अधिक ढासळलं होतं. त्या पडझडीतच कुणीतरी मापं घेऊन ठेवली, म्हणून ते पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं.

“मापं होती म्हणून,” त्या पुन्हा म्हणाल्या आणि खाली बसल्या.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला विचारलं, “तू पूर्वी काय करायचीस?”

“घरांचे नकाशे काढायचे.”

त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

त्यांचं माहेर सीमेजवळच्या एका खेड्यात. तिथे टेकाडावर एक लाकडी चर्च होतं, आडव्या ओंडक्यांचं, एकापुढे एक अशा तीन खोल्यांचं. पहिली बायकांची, मग मोठी सगळ्यांची, मग चित्रांची उंच भिंत आणि तिच्यामागे वेदीची खोली. तोफेच्या गोळ्याने त्याचं छप्पर गेलं होतं. भिंती उभ्या होत्या, पण टेकाडाभोवतीच्या शेतांत सुरुंग होते. सुरुंग काढणारं पथक ऑक्टोबरअखेरीस येणार होतं, आणि त्यानंतर बर्फ पडायला फार दिवस नव्हते. गावकऱ्यांचा विचार असा, की तालुक्याच्या गिरणीत लाकूड आधीच कापून ठेवायचं आणि वाट मोकळी झाली की लगेच छप्पर चढवायचं. पण कापायचं कोणत्या मापाने? शहरातल्या मोठ्या चर्चांची कागदपत्रं कपाटं भरून होती. या चर्चचा एक कागदही नव्हता. काकूंनी कॅथेड्रलमध्ये काम केलेलं, म्हणून गावाने त्यांना विचारलं, आणि त्या ‘पाठवते’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

“पण तुमच्याकडे काय आहे?” मी विचारलं.

त्यांनी फोनमधले सणावारांचे फोटो दाखवले. पुढे हसणारी माणसं, मागे भिंतीचा तुकडा. मग म्हणाल्या, “आणि माझी पावलं आहेत.”

त्यांच्या तरुणपणी सरकारने ते चर्च बंद करून धान्याचं गोदाम केलं होतं. चित्रं गावातल्या कुणी कुणी घरी लपवलेली, त्यांची लाकडी चौकट तेवढी जागेवर. विसाव्या वर्षी काकू तिथे पोती वाहत. उंबऱ्यापासून त्या चौकटीपर्यंत सोळा पावलं, बायकांच्या खोलीची रुंदी सात. दिवसभर मोजून मोजून आकडे अंगात बसले होते.

“आणि चौकटीच्या मागे?”

“तिथे बायका जात नाहीत. गोदाम असतानाही नाही. मागची पोती पुरुष ठेवायचे.”

म्हणजे सभामंडपाचं माप मिळणार होतं, गाभाऱ्याचं नाही.

बुधवारी दुपारी आम्ही फुटबॉलच्या मैदानावर गेलो. शाळा अर्धा दिवस, म्हणून मुलगीही बरोबर. बार्बेक्यूच्या काड्या आणि सुतळी घेतली होती. काकू एका काडीपासून चालू लागल्या, ओठ हलत होते. सोळा झाल्यावर मी दुसरी काडी रोवली. तीन, चार, पाचचा त्रिकोण धरून कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात घेतले, पुण्यात मिस्त्री पायाची आखणी करताना घ्यायचा तसे. हात आपोआप चालत होते. मैदान सांभाळणारे एक डच आजोबा आले आणि काय चाललंय म्हणून विचारू लागले.

“चर्च,” मुलीने डचमध्ये सांगितलं.

त्यांनी सुतळीकडे बघितलं. “चारला प्रॅक्टिस आहे. तोवर उरका.”

काकूंचं पाऊल टेपने मोजलं, चोपन्न सेंटिमीटर. पुढचे आठ दिवस मी लॅपटॉपवरून उठले नाही. उंची फोटोतले ओंडके मोजून काढली. नवरा जेवायला हाक मारायचा. लायडनच्या मुलाखतीचं काय झालं हे मी त्याला विचारायचे आणि उत्तर ऐकायचे नाही. बरं वाटत होतं असंही नाही. आपण कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर नुसत्या आठवणीवर काढतोय, ही टोचणी होती. शिवाय वेदीची खोली कोरी राहिली होती.

“त्या खोलीचं माप कुणाला तरी माहीत असेल,” मी काकूंना म्हटलं.

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. “एकाला आहे.”

तो त्यांचा पहिला आणि एकमेव नवरा. सुतार. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा वेदीच्या खोलीत नवी जमीन त्यानेच घातली होती. काकू शहरात नोकरीला गेल्या, तो गाव सोडेना, आणि त्यात लग्न मोडलं. लेकीच्या लग्नानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आता हात थरथरतो म्हणून त्याने काम सोडलं होतं.

लेकीकडून नंबर घेतला आणि माझ्या स्वयंपाकघरातून काकूंनी फोन लावला. मला भाषा कळत नव्हती, पण त्यांनी ना खुशाली विचारली ना काही, थेट प्रश्न केला हे कळलं. पलीकडून एक संथ आवाज आला. काकूंनी माझ्या वहीत लिहिलं : अकरा फळ्या, एकेक चाळीस सेंटिमीटर रुंदीची.

“स्वतः कापल्या होत्या म्हणतोय,” त्या म्हणाल्या.

चार मीटर चाळीस. मी नकाशा बघितला. “काकू, वेदीची खोली बायकांच्या खोलीएवढीच रुंद आहे ना?”

“अगदी तेवढीच. दोन्हींचे ओंडके एकाच मापाचे.”

“तुमच्या पावलांनी ती तीन मीटर अठ्ठ्याहत्तर भरते.”

त्यांनी ते फोनवर सांगितलं आणि भांडण जुंपलं. त्यांचा आवाज चढत गेला, त्याचा तसाच संथ. शेवटी त्यांनी फोन आपटून बंद केला.

“त्याला आयुष्यात कधी मोजता आलं नाही,” त्या म्हणाल्या. “सुतार झाला कसा, देव जाणे.”

मला जे वाटत होतं ते सांगायला जीभ रेटेना. तरी सांगितलं. “काकू, आकडा सातच असेल. पण आपण पाऊल आत्ताचं मोजलं. विसाव्या वर्षीचं मोठं असणार.”

त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. “मग कुठलं धरायचं?”

अंदाजाने नकाशा ताणता आला असता, पण गिरणीत लाकूड अंदाजाने कापत नाहीत. चार दिवसांत मापं पाठवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या लेकीचा मला फोन. ती घाबरली होती. गावाकडच्या चुलत मावशीने कळवलं होतं, की वडील पहाटे टेप घेऊन घराबाहेर पडलेत. गुरं ज्या वाटेने जातात ती मोकळी असते, असं शेजाऱ्याला सांगून टेकाडाकडे गेलेत. फोन लागत नाही.

मी सायकल काढली आणि काकूंकडे गेले. खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने दिलेली एका जुन्या ऑफिसच्या इमारतीतली ती खोली. काकू खोलीभर चालत होत्या. खिडकी ते दार, दार ते खिडकी. बसा म्हटलं तर बसेनात. मग मीही चालू लागले. दोघी एकमेकींना वाट देत. मध्येच त्या म्हणाल्या, “मी त्याला मोजता येत नाही म्हटलं.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. पाचव्यांदा म्हणाल्या तेव्हा मी त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं. त्या लगेच उठल्या.

तो दिवस गेला. शाळा सुटायच्या वेळी मी मुलीला आणलं आणि घरी थांबवेना म्हणून तिलाही घेऊन परत तिथे गेले. ती वाटेत डचमध्ये विचारत राहिली, की ते आजोबा मेले का. मी मराठीत म्हणत राहिले, माहीत नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही कळलं नाही. त्या दोन दिवसांत मला स्वतःचाच राग येत होता. नकाशातली चूक मी बोलून दाखवली नसती, तर एक म्हातारा माणूस सुरुंगांच्या शेतात गेला नसता. नवरा म्हणाला, “चुकीच्या मापाचं छप्पर कोसळलं असतं तर?” त्याचं खरं होतं. पण त्याने जिवाला स्वस्थता आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला काकूंच्या फोनवर फोटो आला. वहीच्या पानावर थरथरत्या हाताने लिहिलेले आकडे. तो पहिला पूर्ण दिवस चर्चमध्ये मापं घेत होता, रात्री तिथेच झोपला, आणि उजेडात आल्या वाटेने परतला होता. बायकांची खोली, चार मीटर अडतीस. उंबरा ते चौकट, नऊ मीटर शहाण्णव. खाली एक ओळ होती. काकूंनी ती मला सावकाश डचमध्ये सांगितली.

“पावलं बरोबर आहेत. तेव्हा तू पोतं घेऊनही भराभर चालायचीस.”

“मूर्ख माणूस,” काकू म्हणाल्या आणि बसल्या. मग बराच वेळ रडल्या. लेकीने त्यांच्या खांद्यावर शाल घातली. मी पान माझ्या फोनवर घेतलं आणि घरी जाऊन नकाशा नव्याने काढला. मापं वेळेत गेली.

पथक आलं. छप्पर मोठ्या खोलीवर आणि वेदीवर चढलं, बायकांच्या खोलीपर्यंत पोचायच्या आत बर्फ पडलं. तिथे ताडपत्री बांधली. सुरुंगांतून गेल्याबद्दल त्या सुताराला पोलिसांनी बोलावून दम दिला म्हणे. काकू म्हणाल्या, बरं केलं, मी असते तर जास्त दिला असता. त्यानंतर दोघं दर रविवारी फोनवर बोलू लागले. ऐकणाऱ्याला ते भांडणच वाटायचं.

जानेवारीत आम्ही लायडनला आलो. मला एका छोट्या ऑफिसात जुन्या घरांची मापं घ्यायचं काम मिळालं, आठवड्यातून तीन दिवस. एप्रिलमध्ये काकू बसने परत गेल्या. महिनाभरासाठी म्हणून गेल्या, तिकडेच राहिल्या. लेकीला ते पटलेलं नाही. मलाही पटलेलं नाही. बातम्यांत त्या भागाचं नाव ऐकू आलं की मी हातातलं टाकून मेसेज करते, आणि उत्तर येईपर्यंत घरभर फिरते.

परवा त्यांनीच फोन केला. लाकूड ओलं होतं, दोन तुळया वाकल्यात. बायकांच्या खोलीचं काम सुरू करायचंय. आता काय करू?

“लाकूड सुकू द्या. उन्हाळाभर थांबा,” मी म्हटलं.

“सगळा उन्हाळा?”

“हो.”

त्या पलीकडे कुणाला तरी काही म्हणाल्या, एका संथ आवाजाने उत्तर दिलं. मग मला म्हणाल्या, “तोही हेच म्हणतोय. पण आम्ही उद्यापासून सुरू करतोय. तू मापं पुन्हा पाठव.”