सासूडोंगर बीटवर बदली

"भाऊ, हा जावईनाला कुठं आला?"

वनरक्षक राठोडनं नकाशा माझ्या टेबलावर आपटला. बूट धुळीनं माखलेले, डोळे लाल. जावईनाला कुठंच नव्हता. तो मीच काढला होता.

मी यवतमाळला जंगलाच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे नकाशे काढायचो. नव्या गार्डांच्या ट्रेनिंगसाठी मी एक अख्खं खोटं जंगल काढलं. सासूडोंगर, मेव्हणखोरी, जावईनाला. नकाशात उंची दाखवणाऱ्या रेषा असतात, त्यांना कंटूर म्हणतात. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा. सासूडोंगराच्या रेषा इतक्या जवळजवळ काढल्या, की माकडही घसरावं. आणि परीक्षा म्हणून मुद्दाम एक चूक ठेवली. जावईनाला पायथ्याशी उगम पावून डोंगर चढत होता. एकाही गार्डनं ती पकडली नाही.

मग बीटांची नवी वाटणी झाली. बीट म्हणजे एका गार्डच्या राखणीचा जंगलाचा तुकडा. कुणीतरी माझा नकाशा खऱ्या गठ्ठ्यात घातला, साहेबांनी सही केली, आणि राठोडची बदली सासूडोंगर बीटवर झाली. सोमवारपर्यंत हजर झाला नाही तर सस्पेंड.

"तीन दिवसांपासून फिरून राह्यलो," राठोड म्हणाला. "फुलसावंगीत इचारलं, म्हणे उमरखेडकडं जा. उमरखेडले गेलो, त म्हणे मांगंच राह्यलं. एक बुढा त म्हणे, सासूडोंगरावर माही बकरी हरपली होती!"

आमच्याकडं रस्ता विचारला तर 'माहीत नाही' असं कुणी म्हणत नाही. परक्या माणसाला तसं परत पाठवणं बरं दिसत नाही.

शेवटी मी खरं सांगितलं.

"काहून भाऊ? माही नोकरीच सापडली तुमाले खेळाले?"

शरमेनं मेलो मी. त्याला घेऊन तडक साहेबांकडं गेलो.

"सर, हे जंगल नाहीच. ऑर्डर रद्द करा."

"मी सही केली आहे ना?"

"हो सर."

"मग जंगल आहे. नाहीतर मी सही कशाला केली असती?"

कप्पाळ! मी नाल्यावर बोट ठेवलं. "सर, निदान हे तरी पाहा. पाणी चढ चढतंय."

साहेबांनी चष्मा लावला. कंटूरवरचे आकडे वाचले. चेहरा गंभीर झाला.

"ही मात्र घोडचूक आहे. ताबडतोब दुरुस्त करा!"

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात राठोडनं मागून माझा शर्ट ओढला.

"साहेब," तो अगदी गरिबासारखा म्हणाला, "नकाशा दुरुस्त होयेपर्यंत मी कुठं राहू?"

"जुन्याच बीटवर. चुकीच्या नकाशावर ड्यूटी कशी करणार?"

आम्ही ते लगेच लेखी घेतलं.

नाला उलटा फिरवणं दहा मिनिटांचं काम. मी ते चार वर्षं केलं. दर मीटिंगला विचारणा व्हायची, मी म्हणायचो, "चालू आहे सर." रिटायर झालो तेव्हा नव्या माणसाला सोपवायच्या कामांच्या, म्हणजे चार्जच्या यादीत लिहून दिलं, 'जावईनाला, दुरुस्ती चालू.'

एवढंच शिकलो बाप्पा. सही झालेली चूक रद्द होत नाही, पण दुरुस्तीत हवी तितकी वर्षं ठेवता येते.

परवा नव्या ड्राफ्ट्समनचा फोन आला. "सर, हे नाल्याचं काम अजून किती दिवसांचं आहे?"

"राठोडच्या रिटायरमेंटला सहा वर्षं आहेत," मी म्हटलं. "तेवढ्या दिवसांचं."