शोभाच्या गळ्याचं माप

आमच्या भावकीत किस्से सांगायचं काम माझ्याकडे आहे. लग्नाचा मांडव असो नाहीतर दहाव्याचा घाट, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, होऊन जाऊ द्या राव." आणि अण्णा सुटतात. माझ्या बायकोच्या, शोभाच्या गळपट्ट्याचा किस्साही मी बऱ्याचदा सांगितलाय. लोक पोट धरून हसलेत. पण त्यातलं एक वाक्य मी दर वेळी गाळतो. इतकं सफाईनं गाळतो, की ऐकणाऱ्याला खाचसुद्धा लागत नाही. ते वाक्य शोभालाही ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला कुठल्या मांडवात भेटणार नाही, म्हणून असेल कदाचित.

आमची वस्ती आळेफाट्याच्या अलीकडे, चारी बाजूंनी ऊस. आणि ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. बायका कांदा खुरपायला वाकतात — आणि वाकलेलं माणूस बिबट्याला चार पायांचं दिसतं, असं म्हणतात. तो थेट मानेवर येतो. म्हणून इकडच्या बायका गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधून रानात जायला लागल्या. टीव्हीवाले येऊन चित्रीकरण करून गेले. ते मोबाईलवर फिरलं, आणि त्याच्याखाली लोकांनी हसरी तोंडं टाकून काय काय लिहिलं, ते मी दुकानात बसून वाचलं. फाट्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. धंदा तांब्याच्या तारा गुंडाळायचा, पण लाज मात्र शहरातली.

तसे आम्ही मूळचे मेंढरंवाले. आमच्या आज्याच्या कुत्र्यांच्या गळ्यात असेच खिळ्यांचे पट्टे असायचे, लांडग्यासाठी. म्हणजे वस्तू काही नवी नव्हती. फक्त गळा बदलला होता.

शोभाला मी वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा पट्टा करून आणला. जड होता. वाकलं की हनुवटीखाली रुतायचा. ती तो काढून बांधावर ठेवायची आणि कामाला लागायची. मी ओरडलो तर म्हणाली, "अवो, आला तर सांगीन की त्याला — थांब बाबा जरा, घालून येते." ती हसली. मी नाही हसलो. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची शेरडं गेली होती.

आमची लेक पुण्यात शिकते. तिनं एक साइट दाखवली. म्हणाली, "पप्पा, वस्तूचं डिझाइन करून देणारी माणसं इथं घरबसल्या मिळतात. काय पाहिजे ते लिहायचं, बास." मी लिहिलं. पहिल्यांदा खरंच लिहिलं — शेतात काम करणाऱ्या बाईसाठी गळ्याचं संरक्षण. एकानं कळवलं, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, बाईंना घालून बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. रास्त बोलला. दुसऱ्यानं एवढंच विचारलं — हे खरं आहे, की गंमत करताय?

गंमत! माझे कान तापले. मी ते सगळं पुसलं आणि दुसरं लिहिलं.

काय लिहिलं? सांगतो — पण आधी मापाचं सांगू द्या. शोभा ओसरीवर केस विंचरत बसली होती. मी टेप घेऊन मागं गेलो. "गळ्याचं माप कशाला? सोन्याचा हार करताय व्हय?" म्हणाली. लग्नानंतर मी तिच्या गळ्याकडं नीट कधी पाहिलं होतं? उन्हानं काळवंडलेला, मंगळसूत्राच्या रेघेपुरता गोरा. मी माप घेतलं. आणि ते माप, सेंटिमीटरमध्ये करून, पाठवलं — कुत्रीचं म्हणून.

हो. हेच ते वाक्य. 'घरी एक मोठी कुत्री आहे, बिबट्याचा भाग आहे, तिच्यासाठी पट्टा हवा.'

काम घेतलं इंदूरच्या एका मुलीनं. नाव आर्या. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं हिंदी टीव्हीवरचं, तरी जमलं. पोरगी मोठी कसोशीची. प्रश्नांवर प्रश्न. बांधलेली असते की मोकळी? मी लिहिलं, मोकळीच, दिवसभर रानात असते. अंगावर जाते का कुणाच्या? नाही, सोशिक आहे, आवाज मात्र खणखणीत. आधीचा पट्टा ठेवते का गळ्यात? नाही, काढून टाकते. वय? इथं मी अडलो. लिहिलं, पोक्त आहे. आणि नाव? आता सुचायला नको का एखादं — पण बोटांनी लिहून टाकलं, शोभा. ती म्हणाली, किती छान, माणसासारखं नाव ठेवलंत.

बघा, माझं एकेक उत्तर खरं होतं. खोटं फक्त एक.

चित्र आलं. खोटं कशाला बोलू, सुरेख होतं. हलकी पट्टी, आतून मऊ अस्तर, बाहेर ॲल्युमिनियमचे सुळे. आणि बकल मानेच्या मागं, झाकणाखाली, दोन्ही बाजूंनी एकदम दाबलं तरच सुटणारं. खाली तिनं कारण दिलं होतं — शोभाला पंजानं काढता येऊ नये म्हणून. शेवटी लिहिलं होतं, काही बदल हवा असेल तर निःसंकोच सांगा.

मला दिसलं नाही असं नाही. मोटारीची झाकणं उघडण्यात हयात गेली माझी, बकल कुठं आहे ते मला कळणार नाही? 'बकल पुढं घ्या' — एवढंच लिहायचं होतं. पण तिनं विचारलं असतं, का? मग काय सांगितलं असतं? मी लिहिलं, एकदम छान.

जुन्नरच्या एका बॅगा शिवणाऱ्याकडून पट्टा करून घेतला. शोभा हरखली. "कापूस बांधल्यागत वाटतंय," म्हणाली. सकाळी मी बांधायचा, संध्याकाळी मी सोडायचा. रानातल्या बायका तिला चिडवायच्या, "तुझं बरंय बाई, रोज सकाळी नवरा गळ्यात बांधतोय. रोजच लगीन!" ती लाजायची. पन्नाशीला टेकलेली बाई, लाजायची. आणि मी? मीही मिशीत हसायचो. मला ते कौतुक गोड लागायचं — काय म्हणावं अशा माणसाला?

त्या संध्याकाळी मी फाट्यावरच्या हॉटेलात बसलो होतो. काम नव्हतं. किस्सा सांगत होतो. लोक हसत होते, कुणीतरी म्हणालं, "अण्णा, अजून एक," आणि मी अजून एक सांगितला.

इकडे शोभा घरी यायला निघाली आणि शेजारच्या द्राक्षबागेच्या जाळीखालून वाकून आली. रोजची वाट. सुळे जाळीत गुंतले. ओढावं तसे अधिक गुंतले, पट्टी गळ्यावर आवळत गेली. तिनं दोन्ही हात मागं नेले. झाकण सापडलं, बकल सुटेना. मोबाईल पिशवीत, पिशवी हाताच्या पल्याड. बाजूला ऊस. दिवस मावळलेला. आणि ती गुडघ्यांवर आणि हातांवर.

दगडूभाऊ, बागेचा मालक, पाण्याची मोटार चालू करायला आला म्हणून. त्यानं विळ्यानं जाळी कापली. त्यानं पाहिलं तेव्हा ती गप्प होती. मला नंतर म्हणाली, "आधी लई वरडले. मग उसात कायतरी हाललं. वरडल्यावर माणूस येतंय का त्यो येतोय, कळंना. म्हनून मग गप बसले."

बिबट्या आला नाही. पट्ट्यानंच काय ते केलं. घशाला आतून मार बसला. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाज येईल हळूहळू. निम्मा आला. तिचं माहेर शिनोलीचं, डोंगराकडंचं. या टेकाडावरून त्या टेकाडावर हाक टाकणारी माणसं ती. पूर्वी तिनं बांधावरून हाक मारली, की माझ्याबरोबर गोठ्यातली गाय पण मान वर करायची. आता मला जेवायला बोलवायचं तर ती ताटलीवर चमचा वाजवते.

लेक फोनवर भडकली. "असली कसली डिझायनर? मागं बकल? एकट्या माणसानं काढायचं कसं? पप्पा, खराब रिव्ह्यू टाका तिला." शोभा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ती बी बाईच ना? तिला कसं न्हाई कळलं?" दोघीही माझ्याकडं बघत होत्या — एक समोरून, एक मोबाईलमधून. मी म्हणालो, "शहरातल्या पोरी. त्यांना काय ठाऊक रानातलं."

आणि मी टाकला. एकच तारा दिला, खाली लिहिलं — वापरणाऱ्याचा विचार केलेला नाही.

तिचा निरोप आला. भांडली नाही. माफ करा, म्हणाली, माझं कुठं चुकलं ते सांगाल का? आणि खाली एक ओळ — शोभा ठीक आहे ना?

मी उत्तर दिलं नाही. तिच्या पानावरही पुन्हा गेलो नाही. गेलो असतो तर तिला नंतर काम मिळालं की नाही, ते दिसलं असतं.

पट्टा पुष्कळ दिवस खुंटीला होता. गेल्या हिवाळ्यात शोभानं तो काढला, झटकला आणि आमच्या मोत्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला. चपखल बसला. ती मागं सरून बघत म्हणाली, "बगा की, जनू ह्येच्याच मापाचा." मांडवात किस्सा मी इथं संपवतो. इथं हमखास हशा येतो. शोभा बायकांच्यात बसलेली असते, तीही हसते. तिच्या हसण्याचा आवाज येत नाही.

ते वाक्य लिहिलं, तेव्हा सकाळ होती. मी ओसरीवर, मोबाईल गुडघ्यावर. शोभानं चहा आणला. "कुनाला लिवताय येवढं?" म्हणाली, त्या जुन्या खणखणीत आवाजात. मी म्हणालो, गिऱ्हाइकाला.

वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर दिसतं. ती वाकलेली नव्हती. हातात कपबशी घेऊन माझ्यापुढं दोन पायांवर सरळ उभी होती. मी वर पाहिलं, चहा घेतला, आणि ते वाक्य पुरं केलं.