डाळवाल्या अप्पांचा हेजहॉग

गुरांच्या डॉक्टरला किस्से गोचिडासारखे चिकटतात. एक ओढून काढला की मागं दहा दिसतात! लातुरात माझा दवाखाना. म्हशी, शेळ्या आणि हल्ली माणसांपेक्षा लाडावलेली कुत्री. सगळ्यांचं सांगत बसले तर चहा तीनदा गार होईल, म्हणून फक्त शिवलिंगअप्पांचं सांगते. अप्पा मोंढ्यातले डाळीचे व्यापारी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि गेल्या पावसाळ्यापासून काखेत बुटांचं खोकं.

* * *

खोकं पहिल्यांदा आलं तेव्हा माझे कंपाउंडर गौसभाई आत डोकावून म्हणाले, "मॅडम, अप्पानं साळिंदराचं पिल्लू आणलंय."

"साळिंदर न्हाई वो!" अप्पा मागून ओरडले. "हेजहॉग हाय. परदेशी. कागदपत्रं हायत!"

हेजहॉग त्यांच्या लेकीचा, श्वेताचा. ती हैदराबादला नोकरीला. तिथल्या नव्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं, म्हणून तिनं ते लातूरला आणून सोडलं. बापाला चालतं का, हे विचारायचं राहून गेलं.

"काय होतंय ह्याला?" मी विचारलं.

"ह्याला काय बी न्हाई. मलाच घाम फुटलाय. हे खातं काय, तेवढं सांगा."

चौदा वर्षांची माझी प्रॅक्टिस! मी गंभीर चेहरा केला, "जरा केस बघते" म्हणाले आणि टेबलाखाली मोबाइलवर व्हिडिओ लावला. समोर अप्पांनीही मोबाइल काढला. थोड्या वेळानं लक्षात आलं, दोघंही एकच व्हिडिओ बघतोय.

अप्पांचा माझ्यापेक्षा दोन मिनिटं पुढं होता.

* * *

लेकीनं त्याचं नाव ठेवलं होतं मफिन. अप्पांनी ते गौसभाईंना सांगितलं, गौसभाईंनी रजिस्टरात लिहिलं. पुढच्या खेपेला मी पान उघडलं. नाव : मोहसीन. जात : उंदीर, काट्यांचा.

मी गौसभाईंकडं बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, अप्पानं जसं सांगितलं तसंच लिवलं."

अप्पांनी चष्मा लावून पान वाचलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. उंदीर तेवढं खोडा."

* * *

आता खाण्याचं. व्हिडिओत दिसलं ते असं, की ह्या महाशयांना किडे-अळ्या लागतात. दूध पचत नाही. अप्पांचं घर असं, की अंडं आणलेली पिशवीसुद्धा गल्लीच्या तोंडाशी थांबते.

"भिजवलेली मटकी चालंल का?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"धपाटं?"

"अप्पा, त्याला अळ्याच द्या."

अप्पांची सगळी हयात 'आमच्या डाळीत अळी दाखवा' असं छातीठोक सांगण्यात गेलेली. आता अळ्या आणायच्या कुठून? तर हे शेजारच्या आडतीवर गेले आणि चारचौघांत, अगदी नम्रपणे म्हणाले, "शेठ, तुमच्या डाळीत अळ्या निघत असतील तर वाटीभर द्या की!"

शेठ आठ दिवस बोलले नाहीत.

शेवटी श्वेतानं हैदराबादहून जिवंत अळ्यांचा डबा पाठवला. अप्पांनी दुकानाच्या मागच्या खोलीत कोंड्याच्या टोपल्यात त्या वाढवायला घेतल्या. एक जुनं गिऱ्हाईक चुकून मागं गेलं आणि वळवळणारं टोपलं बघून पांढरं पडलं.

"अप्पा, हे काय?"

"घाबरू नका," अप्पा म्हणाले, "ह्या मुद्दाम पाळून राहिलो."

गिऱ्हाईकाला किती हायसं वाटलं असेल!

* * *

एकदा नखं कापायला आणलं. टेबलावर ठेवल्याबरोबर त्यानं अंग मिटलं आणि चेंडू झाला. तोंड कुठं, पाय कुठं, काही पत्ता नाही. म्हशीला धरायला चार माणसं मिळतात, पण ह्याला उघडायचं कसं, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी तशीच बसून राहिले. बाहेर मुरुडचा एक शेतकरी म्हैस घेऊन ताटकळला होता. शेवटी तो आत आला.

"मॅडम, लई येळ झाला. काय चालू हाय?"

"वाट बघतेय."

"कशाची?"

"पेशंटनं तोंड दाखवायची."

तो मुकाट्यानं म्हशीजवळ जाऊन उभा राहिला. पुढं कोमट पाण्याचा उपाय कळला. परातीत बोटभर पाणी घालून त्यात ठेवलं, तर साहेब आपोआप उघडले, चारी पाय टेकले आणि पाण्यातच सगळं उरकून मोकळे झाले. परात गौसभाईंनी घरून आणलेली!

* * *

अप्पांचे मेहुणे नांदेडचे. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. मामांना सगळ्यातलं सगळं कळतं. "असले दहा हायत आमच्या नांदेडात," असं म्हणत ते अप्पांच्या घरी सोफ्यावर बसले. तेवढ्यात मफिननं त्यांची नवी चप्पल चाटली, तोंडाला फेस आणला आणि मान वळवून तो फेस स्वतःच्या काट्यांवर फासायला लागला. नवा वास मिळाला की हेजहॉग असंच करतो. पण मामा थेट सोफ्यावर उभे राहिले. "पिसाळलं! पिसाळलं!"

अर्ध्या तासात दवाखान्यात हजर. "मॅडम, कुत्र्याचं इंजेक्शन द्या."

"चावला का?"

"न्हाई."

"ओरबाडलं?"

"न्हाई. बघितलं माझ्याकडं."

* * *

मग थंडी पडली. एका सकाळी अप्पांचा फोन आला. "मॅडम, गेलं ते."

मी गेले तर अंगणात बेलाच्या झाडाखाली खड्डा तयार. अप्पांनी त्याच्या काट्यांना विभूती लावली होती, वर एक झेंडू ठेवला होता. मामाही मुक्कामाला होते, ते खाली मान घालून उभे. मी मफिनच्या पोटावर बोट ठेवलं. गार. तरी हात काढवेना. खूप वेळानं बोटाखाली काहीतरी हललं.

"अप्पा, जिवंत आहे! गारठ्यानं असं पडलंय. अंगाची ऊब द्या, हळूहळू."

अप्पा शाल शोधायला आत धावले. मामा दोन पावलं मागं सरकले. तेवढ्यात काकू, म्हणजे श्वेताची आई, पुढं आल्या. काकूंनी सहा महिन्यांत त्याला एकदाही हात लावला नव्हता. नावसुद्धा घ्यायच्या नाहीत, 'ते' म्हणायच्या. त्यांनी ते उचललं, काट्यांसकट पोटाशी धरलं, वरून पदर गुंडाळला आणि उन्हात जाऊन बसल्या. तासभर आम्ही नुसते बघत होतो.

मग पदरातून फुस्स आवाज आला. अप्पांनी डोळे पुसले आणि खड्ड्यात पायानं माती लोटली. तेवढ्यात श्वेताचा व्हिडिओ कॉल आला.

"अव्वा, उन्हात काय करून राहिलीस? पदरात काय हाय?"

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. "तू जेवलीस का?"