बोलायचा भाव

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. मुलांना तारापूरच्या दिवसांबद्दल पुष्कळ सांगितलं, पण इथपर्यंत आलो की विषय बदलायचो. आमच्या गावात अजून कोणी कोणी म्हणतं की अमक्या कोळणीने नाताळात गोऱ्या बायकांना फसवलं होतं. ते खरं नाही, आणि हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

साठच्या दशकात आमच्या किनाऱ्याला मोठं बांधकाम निघालं होतं. परदेशी इंजिनिअर बायकामुलांसह तिथल्या नव्या वसाहतीत येऊन राहिले होते. मी मॅट्रिक होऊन एका ठेकेदाराकडे कारकून लागलो होतो. बोईसर स्टेशनवर सामान उतरलं की त्याची नोंद करायची, हे माझं काम. शेजारच्या काकांचा हात दोरात सापडून अधू झाला होता. त्यांचं समुद्रावर जाणं सुटलं, म्हणून ते पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या वीतभर होड्या कोरत. वसाहतीत नाताळाच्या भेटवस्तूंचा बाजार दर रविवारी भरणार असं कळल्यावर मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारून काकीसाठी एक जागा मिळवली. त्या वर्षी त्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

मग ओट्यावर आमची शाळा सुरू झाली. प्रेझेंट, पेपर, रिबन, फॉर बॉय, फॉर गर्ल. काकीला अक्षरओळख नव्हती, पण बाजारात उभं राहून आयुष्य गेलेलं. शब्द एकदा कानावर पडला की तो तिचा व्हायचा.

"मास्तर," ती मला थट्टेने म्हणायची, "कमी कर म्हनायला मडम काय बोलंल?"

"डिस्काउंट."

"आन मी काय बोलू?"

"नो, नो म्हणायचं. मग थोडं उतरायचं."

काका मडम व्हायचे. अधू हात कमरेवर ठेवून "डिस्काउंट, डिस्काउंट" करायचे.

"ही मडम लय चिकट हाय," काकी म्हणायची. "हिला माशाचं डोकंबी नाय द्यायचं."

होडी चार रुपयांना द्यायची असं तिने ठरवलं होतं. म्हणून बोलायचे आठ. आमच्याकडे बोलायचा भाव वेगळा आणि द्यायचा वेगळा, हे लहान पोरालाही माहीत. घासाघीस न करता कोणी सौदा केला तर विकणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटायचं.

पहिल्या रविवारी एका बाईंनी होडी उचलली. काकीने "एट रुपीज" म्हटलं. बाईंनी पर्स उघडून आठ रुपये काढले. काकीने होडी सोडलीच नाही. दोघींचे हात होडीवर, आणि काकी तिच्या बोलीत हळूच म्हणत होती, "डिस्काउंट बोल ना गं बाय." बाईंना वाटलं ती निरोप देते आहे. त्या हसल्या, होडी घेऊन गेल्या. मी शेजारी उभा होतो. तशा एकूण पाच होड्या गेल्या.

परतताना काकी वाटेत थांबली.

"परत चल. अर्धे त्यांचे हायत. मला तेवढं बोलायला शिकव."

"अगं, त्यांच्यात बोलला तो भाव असतो. त्यांनी खुशीने दिले."

"त्यांना ठावंच नाय, तर खुशी कसली?"

मी हसून तिला पुढे चालायला लावलं. खरं कारण हसण्यासारखं नव्हतं. परत गेलो असतो तर मला बोलावं लागलं असतं, आणि हिला इंग्रजी शिकवलं कोणी, भाव दुप्पट सांगताना तू गप्प का उभा होतास, हे प्रश्न माझ्याकडे आले असते. मला नोकरीला लागून चार महिनेही झाले नव्हते.

त्याच आठवड्यात त्या बाईंकडच्या स्वयंपाक्याने आपल्या मुलासाठी काकीच्या घरून तशीच होडी चार रुपयांना नेली. बाईंनी ती पाहिली आणि किंमत विचारली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"ती होडीवाली बाई तूच आणलीस ना? तिने मुद्दाम दुप्पट घेतले?"

ती पैसे परत द्यायला निघाली होती, मीच अडवलं, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "सर, मी फक्त शब्द शिकवले. भाव तिचा."

पुढच्या रविवारी तिला पहारेकऱ्यांनी फाटकावर थांबवलं. टोपलीत वर पाच लहान होड्या होत्या, पतंगाच्या कागदात बांधलेल्या. वाक्य मी शिकवलं नाही, म्हणून तिने तिच्या रीतीने तोड काढली होती: पाच बायकांना आणखी एकेक होडी फुकट द्यायची. मी आतल्या बाजूला होतो. तिने मला पाहिलं.

"मास्तर, सांग ना यांना."

"काकी, कामात आहे. मग येतो," मी म्हणालो आणि ऑफिसात गेलो.

होड्यांचं काम त्या नाताळातच बंद पडलं. काकी पुन्हा डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन सफाळ्यापर्यंत फिरू लागली. पोरं तिच्या मागे "डिस्काउंट, डिस्काउंट" ओरडायची. ती मागे वळायची नाही. मी वर्षभरात पालघरला दुसरी नोकरी धरली.

काका गेले तेव्हा मी गेलो नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा गेलो. एसटीत बसल्यापासून वाक्य जुळवत होतो. तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं, माझ्या मुलांची चौकशी केली, मी वाळलो म्हणाली. मग विचारलं, "काय काम काडलंस?"

"काही नाही. सहज आलो," मी म्हणालो.

चहा संपवला, तिच्या पाया पडलो आणि निघालो. पंधरा दिवसांनी ती गेली. जुळवलेलं वाक्य मोठं नव्हतं. काकी, तू परत चल म्हणाली होतीस, मी तुला अडवलं, आणि विचारल्यावर तुझं नाव पुढे केलं. मला माफ कर.